दुसरा गाल कोणी पुढे करायचा? एका मंडळीतल्या मारहाणीचे प्रकरण

हे प्रकरण एका मध्यम आकाराच्या ख्रिस्ती मंडळीत (चर्चमध्ये) घडले. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, नावे मुळातच घेतलेली नाहीत. जिच्यावर हे ओढवले तिने मसुदा वाचला, दोन ठिकाणी दुरुस्ती सांगितली आणि मगच तो पुढे जाऊ दिला. येशूची अहिंसेची शिकवण मनापासून मानणारी माणसे तीच शिकवण पुढे करून एका स्त्रीला मार सोसायला सांगतात, आणि तीच शिकवण नीट वाचली तर त्यांना तिच्या बाजूने उभे राहावे लागते. या मंडळीत दोन्ही घडले, म्हणून ते सविस्तर लिहावेसे वाटले.

पार्श्वभूमी

अहिंसा या मंडळीसाठी भिंतीवर लावायचे वचन नव्हते. मत्तयच्या शुभवर्तमानातल्या डोंगरावरील प्रवचनाचा तिथे वर्षभर अभ्यास झाला होता. तरुणांच्या गटात मार्टिन ल्यूथर किंग यांच्या १९६३ च्या बर्मिंगहॅम आंदोलनावर चर्चा झाल्या होत्या. स्वयंसेवकांकडून रोज येशूच्या शिकवणीवर मनन करण्याची आणि हात, जीभ व मन यांच्या हिंसेपासून दूर राहण्याची लेखी प्रतिज्ञा तेव्हा कशी घेतली जाई, हे त्या मुलांना माहीत होते. सभासदांत वाद झाला तर मत्तय १८ प्रमाणे आधी एकांतात बोलायचे, मग एक-दोघांना सोबत घ्यायचे आणि शेवटी मंडळीसमोर आणायचे, हा शिरस्ता होता.

नवरा मंडळीचा खजिनदार. हिशोबाला चोख, बोलायला मृदू, कोणाच्याही अडचणीला पहिल्यांदा धावणारा. बायको रविवारच्या शाळेत शिकवायची. लग्नाला बारा वर्षे झालेली, दोन मुले. मारहाण धाकट्याच्या जन्मानंतर सुरू झाली होती.

तीन वर्षांपूर्वी तिने पाळकांना, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंना, सांगितले होते. त्यांनी ऐकून घेतले, तिच्यासाठी प्रार्थना केली, बायकांनी नवऱ्याच्या अधीन राहावे असे सांगणारी पेत्राच्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायातली सुरुवातीची वचने वाचली आणि दुसरा गाल पुढे करण्याविषयी सांगितले. तुझ्या सहनशीलतेने त्याचे मन वळेल, असा त्यांचा शब्द होता. मग त्यांनी नवऱ्याला बाजूला घेऊन 'घरात जरा प्रेमाने वागा' असे मोघम सुचवले. त्या रात्री तिला नेहमीपेक्षा जास्त मार बसला. पुढची तीन वर्षे ती कोणाशीही बोलली नाही.

पाळक दुष्ट नव्हते, हे इथेच सांगितले पाहिजे. त्यांनी जे सांगितले त्याला मोठी परंपरा आहे. संत ऑगस्टीन आपल्या 'कन्फेशन्स'च्या नवव्या भागात आई मोनिकाविषयी लिहितात. नवऱ्याच्या माराच्या खुणा चेहऱ्यावर घेऊन आलेल्या बायकांना ती जीभ आवरायला सांगे आणि विवाहाच्या कराराने आपण दासी झालो आहोत हे लक्षात ठेवा म्हणे. ऑगस्टीन हे तिचे शहाणपण म्हणून सांगतात. सोळाशे वर्षे असाच सल्ला देत आलेल्या परंपरेत हे पाळक तयार झाले होते.

ती रात्र

एका रात्री ती मुलांना घेऊन मंडळीतल्या एका निवृत्त परिचारिकेच्या दारात आली. पाळकांकडे गेली नाही. परिचारिकेला तिच्या मानेवर बोटांचे वळ दिसले. गळा दाबला जाणे हे पुढच्या जीवघेण्या हल्ल्याचे फार गंभीर लक्षण असते आणि वरून जखम किरकोळ दिसली तरी आत इजा असू शकते, हे तिला व्यवसायामुळे ठाऊक होते. तिने त्याच रात्री वैद्यकीय तपासणी करून घेतली, नोंदी लिहून घेतल्या आणि तिघांना नवऱ्याला माहीत नसलेल्या एका घरी पोचवले. वडीलमंडळाला (मंडळीचा कारभार पाहणाऱ्या ज्येष्ठांना; त्यांनाच 'वडील' म्हणतात) सकाळी कळवले, पण पत्ता त्यांनाही दिला नाही.

मला हा या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय वाटतो. तो कुठल्याही बैठकीत झालेला नाही. तिने आधी वडीलमंडळाची परवानगी मागितली असती तर रात्रभर चर्चा झाली असती, आणि कोणीतरी भल्या मनाने नवऱ्याला फोन करून 'काळजी करू नका, त्या सुखरूप आहेत' असे सांगितले असते.

दुसऱ्या दिवशी तिचा धाकटा भाऊ आला. तोही याच मंडळीतला, तरुणांच्या गटाचा प्रमुख. सोबत चार-पाच मित्र. तो पाळकांना म्हणाला, "पाळकसाहेब, तुम्ही ताईला तीन वर्षांपूर्वी गाल पुढे करायला सांगितलंत. आता दाजींचा गाल कुठे आहे ते आम्ही बघतो. तुम्ही मध्ये येऊ नका."

समोर असलेले मार्ग

त्या आठवड्यात वडीलमंडळ तीनदा बसले. चार मते पुढे आली आणि प्रत्येकामागे कळकळ होती.

पहिले, गुपचूप मिटवण्याचे. घर मोडू नये, मंडळीची बदनामी होऊ नये, मुलांना बाप हवा. एका वडिलांनी प्रेषित पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्राचा सहावा अध्याय उघडला: भावाने भावाविरुद्ध न्यायालयात जाऊ नये.

दुसरे भावाचे. ते उघड कोणी मांडले नाही, पण बऱ्याच जणांना आतून ते पटत होते. एकदा चांगला चोप मिळाला की हात पुन्हा उठणार नाही, असा हिशोब.

तिसरे समेटाच्या बैठकीचे. दोघांना समोरासमोर बसवायचे, पाळकांनी मध्यस्थी करायची, दोघांनी आपापल्या चुका मान्य करायच्या. मंडळीला हे सर्वांत ओळखीचे आणि ऐकायला सर्वांत ख्रिस्ती वाटणारे होते.

चौथे, पोलिसांकडे सोपवून मंडळीने हात झटकण्याचे.

परिचारिका वडीलमंडळाची सदस्य नव्हती. तिला दुसऱ्या बैठकीला बोलावले तेव्हा तिने तिसऱ्या मार्गाला ठाम विरोध केला. ज्याच्या हाताची भीती वाटते त्याच्यासमोर बसून कोणी खरे बोलत नाही, आणि बोललेच तर त्याची किंमत घरी गेल्यावर मोजावी लागते, असे तिने सांगितले. यामागे मोठा अनुभव आहे. स्त्रियांवरील हिंसेविषयीच्या युरोपीय परिषदेच्या २०११ च्या इस्तंबूल करारातले अठ्ठेचाळिसावे कलम अशा प्रकरणांत सक्तीच्या मध्यस्थीला मनाई करते ते याच कारणासाठी. मध्यस्थी दोन बाजूंच्या तंट्यासाठी असते. इथे एक मारणारा होता आणि एक मार खाणारी.

वचन पुन्हा वाचताना

मंडळीला वळण मिळाले ते तिसऱ्या बैठकीत. सर्वांत वयस्क वडिलांनी सुचवले की आज निर्णय नको, आधी येशू स्वतः मारापुढे कसा वागला तेवढे बघू.

योहानाच्या अठराव्या अध्यायात मुख्य याजकासमोर एक शिपाई येशूला चापट मारतो. येशू उलट मारत नाही. पण गप्पही राहत नाही. मी वाईट बोललो असेन तर ते दाखव, नाहीतर मला का मारतोस, असे तो विचारतो. मारणाऱ्याला त्याच्या कृत्याचा जाब सर्वांसमोर विचारला जातो. अहिंसेत हे बसते, हे त्या खोलीतल्या कित्येकांच्या ध्यानात पहिल्यांदाच आले.

मग दुसरी वचने आठवू लागली. नासरेथात लोक कड्यावरून लोटायला निघाले तेव्हा येशू त्यांच्यामधून निघून गेला (लूक ४). मंदिरात धोंडे उचलले गेले तेव्हा तो लपला (योहान ८). एका गावात छळ झाला तर दुसऱ्या गावी पळा, असे त्याने शिष्यांना सांगितले (मत्तय १०). बाळपणी तर हेरोदापासून वाचवायला त्याला रातोरात मिसर देशी नेले होते. क्रूस त्याने ठरलेल्या वेळी आपणहून पत्करला. त्याआधी दर वेळी तो निसटला. जिला निवड करायला जागाच ठेवलेली नाही तिच्या माराला क्रूस म्हणणे हा क्रूसाचा गैरवापर आहे, असे त्या वडिलांनी स्पष्ट म्हटले.

गालाच्या वचनावरही बोलणे झाले. मत्तय उजव्या गालाचा उल्लेख करतो. उजव्या हाताने समोरच्याच्या उजव्या गालावर मारायचे तर हाताची मागची बाजूच लागते, आणि तसा फटका वरचा माणूस खालच्याला हिणवायला मारतो, असे अमेरिकी धर्मशास्त्रज्ञ वॉल्टर विंक यांचे विवेचन आहे. त्यांच्या मते दुसरा गाल पुढे करणे म्हणजे 'मी तुझ्यापेक्षा खालचा नाही' असे दाखवणे. हा अर्थ सर्व अभ्यासकांना मान्य नाही. पण स्वतःच्या गालाविषयीचे वचन आहे, दुसऱ्याचा गाल देऊ करण्याची मुभा त्यात कुठेच नाही, एवढे मान्य करायला अभ्यासक असावे लागत नाही.

निर्णयाच्या जागा

*भाऊ आणि त्याचे मित्र.* त्यांना 'शांत राहा' म्हणून घरी पाठवले असते तर ते थेट दाजींच्या दारात गेले असते. वयस्क वडिलांनी भावाला जवळ बसवले आणि आधी त्याचा राग योग्य आहे असे सांगितले. मग विचारले, "तुझ्या ताईला या घडीला तुझ्या हाताची गरज कशासाठी आहे?" तू दाजींना मारलेस तर गुन्हा तुझ्यावर दाखल होईल, ते मार खाणारे ठरतील, आणि ताईच्या मुलांना मामाचाही हात तसाच दिसेल.

मेनोनाइट हा युद्ध नाकारणारा ख्रिस्ती पंथ. १९८४ मध्ये स्ट्रासबर्ग इथे भरलेल्या त्यांच्या जागतिक परिषदेत धर्मशास्त्रज्ञ रॉन सायडर यांनी एक आव्हान केले होते. सैनिक जशी जिवाची जोखीम घेतात तशी शांती मानणाऱ्यांनी नि:शस्त्र राहून घ्यावी, नाहीतर आपण शांतीविषयी बोलणे सोडावे. त्यातून ख्रिश्चन पीसमेकर टीम्स उभ्या राहिल्या आणि धोक्यातल्या लोकांच्या सोबत नुसते असणे हे त्यांच्या कामाचे अंग बनले. त्यावरून ठरले की मुलांना शाळेत पोचवणे-आणणे, ताई कामावर जाताना तिच्यासोबत असणे आणि उपासनेला ती येईल तेव्हा तिच्या आजूबाजूला बसणे हे काम या तरुणांचे. कोणी अंगावर आले तर मध्ये उभे राहायचे, हात उचलायचा नाही, लगेच मदत बोलवायची.

भावाला हे लगेच पटले नाही. त्याने दोन दिवस मागून घेतले. मग तो आला, आणि कित्येक महिने ही सोबत एक दिवसही चुकली नाही. नवरा दोनदा शाळेच्या फाटकाशी आला. समोर चार जण शांत उभे पाहून दोन्ही वेळा परतला.

*पोलीस.* इथे मंडळीत खरा मतभेद झाला. पोलिसांच्या हातात दंडा असतो, तो बोलावणे म्हणजे हिंसेचे काम दुसऱ्याकडून करून घेणे, असे अहिंसेचे दोन जुने पुरस्कर्ते म्हणाले. हा आक्षेप मी हलका मानत नाही. उत्तर पौलाच्या चरित्रातून आले. प्रेषितांच्या कृत्यांच्या बाविसाव्या अध्यायात त्याला फटक्यांसाठी बांधले जात होते तेव्हा त्याने आपले रोमी नागरिकत्व सांगितले आणि फटके थांबवले. कायद्याचा आधार घेऊन त्याने कोणावर सूड उगवला नाही, फक्त आपल्या अंगावरचा मार टाळला. करिंथकरांना लिहिणाराही तोच पौल, आणि तिथे विषय पैशा-व्यवहाराचे क्षुल्लक दावे हा आहे.

शेवटी ठरले की तक्रार करायची की नाही ते ती ठरवेल. मंडळी तिला ढकलणार नाही, अडवणारही नाही. तिने तीन आठवडे घेतले आणि तक्रार केली. परिचारिका आणि पाळक तिच्यासोबत गेले. आक्षेप घेणाऱ्यांपैकी एकाने शेवटपर्यंत मत बदलले नाही, पण तिच्या मुलांच्या शाळेच्या शुल्काची सोय त्यानेच केली.

*एकांतात बोलण्याचा आग्रह.* नवऱ्याने मत्तय १८ पुढे केला. तिची तक्रार असेल तर आधी तिने माझ्याकडे एकटीने यावे, असे त्याने वडीलमंडळाला लिहून कळवले. ती पायरी वगळली म्हणजे मंडळीनेच शास्त्र मोडले, हा त्याचा मुद्दा.

हे वळण नवे नाही. विसाव्या शतकातले ख्रिस्ती अहिंसेचे सर्वांत प्रभावी भाष्यकार जॉन हॉवर्ड योडर यांनी शंभराहून अधिक स्त्रियांचे लैंगिक शोषण केले किंवा त्यांना त्रास दिला, हे आज नोंदवलेले सत्य आहे. त्यांनीही मत्तय १८ ची ढाल केली. १९९२ मध्ये त्यांची धर्मसेवेची मान्यता स्थगित होईपर्यंत अनेक वर्षे गेली, आणि इतिहासकार रेचेल वॉल्टनर गूसन यांचा सविस्तर अहवाल २०१५ मध्ये आला तेव्हा योडर यांना जाऊन सतरा वर्षे झाली होती. समेटावर निष्ठा असलेल्या समाजात गैरकृत्य दडवायला समेटाचीच भाषा किती सहज वापरता येते, याचे याहून कटू उदाहरण मला माहीत नाही.

वडीलमंडळाने तो अध्याय सुरुवातीपासून वाचला. त्याची सुरुवात लेकराला मध्ये उभे करून होते. लहानातल्या एकाला जो अडखळवील त्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधून समुद्रात बुडवलेले बरे, हे शब्द आधी येतात. मग हरवलेल्या मेंढराचा दृष्टांत, आणि त्यानंतर अपराध दाखवण्याच्या पायऱ्या. दुबळ्याला सांभाळण्यासाठी सांगितलेली रीत दुबळ्यावरच उलटवायची नाही, असे त्यांनी ठरवले. तिच्या वतीने तिघे वडील नवऱ्याकडे गेले. तिला नेले नाही, ती कुठे राहते ते सांगितले नाही, आणि तिचे म्हणणे खरे की खोटे यावर वाद घातला नाही. वैद्यकीय नोंद आम्ही पाहिली आहे, तुम्ही मारले आहे, खजिनदारपद आजपासून नाही, आणि तुम्ही आमचे भाऊ आहात म्हणूनच आम्ही आलो आहोत, एवढे त्यांनी सांगितले.

तो चिडला. मंडळीने माझे घर फोडले, असे तो सर्वत्र सांगत सुटला. काही महिने तो उपासनेला आला नाही. दोन कुटुंबे त्याची बाजू घेऊन मंडळी सोडून गेली.

*क्षमेची घाई.* मला सर्वांत अस्वस्थ करणारा भाग हा आहे. पुनरुत्थानाच्या सणाच्या आठवड्यात नवऱ्याने एक पत्र पाठवले. त्यात पश्चात्तापाचे शब्द होते, पण 'तिने मला चिडवले नसते तर' हेही होते. एका वडिलांनी ते तिला न विचारता बायकांच्या प्रार्थनासभेत तिच्यासमोरच वाचून दाखवले. सगळ्यांचे डोळे तिच्याकडे लागले. कोणीतरी येशूचे क्षमेविषयीचे वचन म्हटले: सत्तर वेळा सात वेळा. ती उठून बाहेर गेली आणि पुढचे सहा आठवडे मंडळीत आली नाही.

पत्र वाचणाऱ्याचा हेतू चांगला होता. पण क्षमा ही तिची गोष्ट होती आणि ती तिच्याकडून सभेत वसूल केली जात होती. लोकांना लुबाडणाऱ्या जकातदार जक्कयाने परत केलेल्या पैशाचा हिशोब येशूने मागितला नव्हता. जक्कयाने स्वतः उभे राहून चौपट परत करीन असे सांगितले, मग येशू म्हणाला की आज या घराला तारण मिळाले. त्या पत्रात परतफेडीचा एक शब्द नव्हता.

काय झाले

पाळकांनी एका रविवारी उपदेशपीठावरून तीन वर्षांपूर्वीच्या सल्ल्याबद्दल क्षमा मागितली. तिचे नाव घेतले नाही, आणि काय बोलणार ते तिला आधी दाखवले होते. त्यानंतर आणखी दोन स्त्रिया परिचारिकेकडे आल्या.

तक्रारीनंतर न्यायालयाने नवऱ्याला तिच्यापासून दूर राहण्याचा आदेश दिला. वयस्क वडील त्याला दर आठवड्याला भेटत राहिले. मारहाण करणाऱ्या पुरुषांसाठीच्या एका कार्यक्रमात तो आधी सक्ती म्हणून गेला आणि नंतर स्वतःहून टिकला. सुमारे दीड वर्षाने त्याने दुसरे पत्र लिहिले. त्यात 'तिने' ने सुरू होणारे एकही वाक्य नव्हते. मी मारले, मी गळा दाबला, मी मंडळीत खोटे सांगितले. मुलांच्या खर्चाचा आणि बुडालेल्या पगाराचा आकडा त्याने स्वतः काढून दिला आणि तो भरत आहे. हे पत्र आधी परिचारिकेकडे गेले. ते वाचायचे की नाही हे बायकोने स्वतः ठरवले आणि वाचले.

ती त्याच्याकडे परतली नाही. मंडळीतल्या काहींना यामुळे काम अर्धवट राहिल्यासारखे वाटते. मला तसे वाटत नाही. वैर आलेले भाऊ याकोब आणि एसाव गळ्यात पडून रडले, आणि त्यानंतर एसाव सेईरला गेला, याकोब सुक्कोथला. उत्पत्तीच्या तेहेतिसाव्या अध्यायात हे सरळ लिहिलेले आहे आणि त्या समेटाला कोणी अपुरा म्हणत नाही. रोमकरांस पत्रातही सर्वांबरोबर शांतीने राहा याआधी 'शक्य असेल तर' हे शब्द आहेत.

वेगळे काय करता आले असते

वडीलमंडळात एकही स्त्री नव्हती. परिचारिकेला दुसऱ्या बैठकीला 'बोलावले' गेले, ती पहिल्यापासून निर्णयात असायला हवी होती. पत्र सभेत वाचण्याचा प्रकार तिच्यासमोर आधी आला असता तर घडलाच नसता.

मंडळीला दिलेली सूचना फार मोघम होती. 'एका कुटुंबातल्या अडचणीमुळे खजिनदार पदमुक्त' एवढेच सांगितले गेले, आणि पैशाची अफरातफर झाल्याची कुजबुज महिनाभर चालली. तिच्या संमतीने 'घरातल्या हिंसेमुळे' हे दोन शब्द जोडता आले असते.

नवऱ्याकडे जाण्याआधी वडिलांनी पोलिसांत किंवा अशा कामातल्या जाणकारांकडे चौकशी करायला हवी होती. पत्नी घर सोडते तो काळ तिच्यासाठी सर्वांत धोक्याचा असतो. भेटीचा दिवस तिला आधी कळवला होता आणि त्या दिवशी सोबत वाढवली होती, हे नशीब म्हणायचे, कारण तो निर्णय भावाने स्वतःच्या मनाने घेतला होता.

मुलांकडे सर्वांत कमी लक्ष गेले. दोघांना शाळेत सुखरूप पोचवले जात होते, पण काय पाहिले, काय ऐकले हे त्यांना वर्षभर कोणीच विचारले नाही. थोरल्याने रविवारच्या शाळेत पेत्राने तलवार उपसल्याच्या धड्याला विचारले की येशूने तलवार म्यानात घालायला सांगितल्यावर ज्याचा कान कापला गेला त्याचे काय झाले. शिक्षिकेने सांगितले की लूकच्या वृत्तान्तात येशू त्याच्या कानाला हात लावून तो बरा करतो. मुलाने पुढे विचारले की त्याला दुखले का असे कोणी विचारले का. त्यानंतर मुलांसाठी समुपदेशक शोधला गेला. आता दोघेही नियमित जातात, आणि बापाला भेटायचे की नाही हे दर वेळी त्यांना विचारून, तिसऱ्या माणसाच्या देखत ठरते.